गुण्या बघायला गेलो होतो

अण्णा,

तुमच्या तेराव्याला तुमचे रत्नागिरीचे चुलतभाऊ पानावर बसायच्या आधी उभे राहिले आणि म्हणाले, अण्णा म्हणजे सरळ माणूस, कुणाविषयी मनात शंका नाही, किल्मिष नाही. मी वाढायला होतो. हातातलं वरणाचं भांडं सांडता सांडता वाचलं. अक्का समोरच होत्या. त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं, कारण बघितलं असतं तर आम्ही दोघंही हसलो असतो आणि ते त्या दिवशी शोभलं नसतं.

शंका नाही? मोबाइल घेतलात तेव्हा पहिला फोन मला केलात. मी तुमच्यासमोर उभा, माझे ओठ हलताना दिसतायत, आणि तरी तुम्ही विचारलंत, "कोण बोलतंय?" मीरा रोडच्या नव्या टॉवरमध्ये देव्हारा पोचवायला गेलो की तुम्ही लिफ्ट आधी रिकामी वर पाठवायचात. ती धड परत आली की मग आपण चढायचं. दाढी करताना न्हावी मागे गेला की आरशातून त्याच्यावर नजर. लग्नात अक्षता टाकतानासुद्धा भटजी मंत्र गाळतोय का, इकडे तुमचा कान. तुमच्याबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत, अण्णा. खरं बोलणारा एकच साडू आहे, म्हणून लिहायला बसलोय.

वाचणाऱ्यांना नातं सांगून टाकतो, नाहीतर लपवतोय असं तुम्हीच म्हणाल. आपण दोघं दोन सख्ख्या बहिणींचे नवरे. थोरली तुमची, तिला सगळे अक्का म्हणतात, धाकटी माझी. भाईंदरच्या खारी गावाच्या मागे, स्टीलच्या डब्यांच्या कारखान्यांमध्ये अडकलेला आपला गाळा, त्यात फोटोफ्रेमा आणि देव्हारे. कापायचं काम तुमचं. घासणं, पॉलिश आणि गिऱ्हाइकाशी बोलणं माझं, कारण तुम्ही बोललात की गिऱ्हाईक उठून जायचं.

गाळ्यात बाकी हत्यारं होती, पण मशीन म्हटलं की एकच: लोखंडी टेबल आणि त्याच्या मधून वर आलेलं गोल पातं. टेबलाला पात्याच्या बाजूने एक लांब खाच. खाचेत सरकणारी एक पट्टी आणि पट्टीच्या डोक्यावर अर्धचंद्र, त्यावर अंश कोरलेले. अर्धचंद्र हव्या त्या कोनात फिरवायचा, स्क्रू आवळायचा, लाकूड त्याला टेकवून धरायचं आणि पात्याकडे ढकलायचं. गुण्या म्हणजे खरं तर सुताराचा साधा काटकोन, हे मलासुद्धा ठाऊक आहे. पण तुम्ही या सरकत्या वस्तूलाच गुण्या म्हणायचात. कुणी सुधारलं तर सांगायचात, कोनाला जो जबाबदार तो गुण्या. म्हणून आपल्याकडे ते नाव पडलं ते पडलंच.

आणि तो शब्द, कलम. चौकटीचा कोपरा जुळवायला दोन्ही पट्ट्या तिरक्या कापतात, त्या कापाला सुतार कलम म्हणतात. तुम्ही पहिल्या वर्षी सासरेबुवांना पत्रातून कळवलंत की भाईंदरला कलमांचं काम जोरात आहे. सासरेबुवा कोकणातले. ते पुढे कित्येक उन्हाळे आंब्याच्या पेटीची वाट बघत राहिले. जावई आंबे एकटाच खातो, असा संशय मनात धरूनच ते गेले. तुम्ही त्यांना शेवटपर्यंत उलगडून सांगितलं नाहीत. का, विचारलं तर म्हणालात, "म्हाताऱ्याने आधी माझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता."

पण मुद्दा गुण्याचा.

तुमची कलमं उघडायला लागली. आधी केसाएवढी, मग नखाएवढी. मीरा रोडच्या एका निवृत्त बाईंनी देव्हारा परत आणला. फट एवढी की तिच्यातून मुंग्या आत जाऊन नैवेद्य खातात, देवाला काही उरत नाही, असं त्या अत्यंत शांतपणे म्हणाल्या. मी माफी मागत होतो आणि तुम्ही मागे उभे राहून मुंग्या कुठल्या, तांबड्या की काळ्या, याची चौकशी करत होतात.

त्या दिवसापासून तपास सुरू झाला. पहिला आरोपी लाकूड. मग वीज, दुपारी दाब कमी होतो म्हणून. मग पातं. मग शेजारच्या कारखान्याचा प्रेस, त्याच्या हादऱ्याने टेबल हलतं म्हणून. शेवटी तुमची नजर माझ्यावर आली. मी गाळा उघडतो, तुम्ही नंतर येता. मधल्या वेळात मी गुण्याला हात लावतो का? तुम्ही सरळ विचारलं नाहीत. "दिगंबरपंत" म्हणालात. मला पंत म्हणालात की समजायचं, माझी केस उघडली आहे.

माझा संशय वेगळा होता आणि मी तो तोंडातून काढत नव्हतो. तुम्ही कटिंग चहा अर्धाच भरून मागायला लागला होतात. शर्टाची वरची दोन बटणं उघडी राहायची आणि तुम्ही उकाड्याला दोष द्यायचात. पेन्सिलची रेघ ओढताना डाव्या हाताने उजवं मनगट धरायचात, जणू त्या मनगटावरही तुमची पाळत होती.

अक्कांनी ते माझ्या आधी बघितलं होतं. एका रविवारी त्यांच्याकडे जेवायला आलो होतो. तुम्ही बाहेर पेपर वाचत होतात, मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. त्या कढीला फोडणी देत होत्या. मागे न वळता, हळू आवाजात म्हणाल्या, "दिगंबरराव, यांचे हात बघत जा. थरथरतायत. आणि ते पातं काही माणूस बघून थांबत नाही." मी म्हटलं, तुम्हीच सांगा ना त्यांना मशीन सोडायला. त्या म्हणाल्या, "मशीन सोडलं तर ते दिवसभर घरात बसतील. मग माझ्यावर संशय घेतील." हसल्या नाहीत मात्र. मी बघतो म्हणालो.

असा मी तुमच्या गाळ्यात अक्कांचा हेर झालो. मला वाटतं तुम्हाला त्याच आठवड्यात कळलं होतं.

कारण सोमवारी तुम्ही मला म्हणालात, आज तू काप. मी? मी आयुष्यात मशीनवर पाट कापला तर मोठी गोष्ट. तरी चार पट्ट्या कापल्या, जुळवल्या. माझाही कोपरा उघडला. तुमचा चेहरा असा उजळला की मला वाटलं तुम्ही पेढे मागवणार. "बघ, तुझंही तेच," म्हणालात. म्हणजे दोष माणसात नाही, गुण्यात. पट्टी झिजली, खाचेत डुलते, नवा गुण्या घ्यायचा.

मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, सकाळी माझ्या आधी कोण आलं होतं? रोज उशिरा येणारा माणूस त्या दिवशी शटर उघडून उभा होता. माझ्या हाताने कोपरा चुकावा म्हणून स्क्रू कुणी सैल केला असेल, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. आता विचारतोय. उत्तराची घाई नाही.

मग आपण गुण्या बघायला निघालो. हो, बघायलाच. भाईंदर पश्चिमेच्या हार्डवेअरवाल्या शेठकडे तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून आलात. खिशात लाकडाचा एक ठोकळा, त्याला आपल्या टेबलाच्या मापाची खाच पाडलेली. शेठ एकेक गुण्या काढतोय, तुम्ही प्रत्येकाची पट्टी त्या ठोकळ्यात सरकवताय. एक जाडीला जास्त, आत जाईना. एक आत गेला तो सुपात दाणे हलावेत तसा हलला. एकाला पट्टीच्या अंगाला बारीक स्क्रू होते, ते पिळले की ढिलाई जाते. मला तो फार आवडला. तुम्ही म्हणालात, ज्याला दुरुस्तीची सोय आधीच ठेवावी लागते त्याच्या मनात काहीतरी आहे. एक अॅल्युमिनियमचा होता, चकचकीत, पंचेचाळीसवर आणला की टक् करून आपोआप बसायचा. तो तुम्ही कानाशी धरून चारदा टक् टक् वाजवलात आणि खाली ठेवलात. आपणहून इतक्या पटकन कबूल होणारा साक्षीदार तुम्हाला नको होता.

शेठने शेवटी हात जोडले. "काका, लडकी देखने आये हो क्या?"

तुम्ही म्हणालात, "लडकी तो पाच मिनट में पसंद की थी, शेठ. इसीलिए इधर टाइम ले रहा हूं."

हे मी घरी जाऊन अक्कांना सांगितलं. तुमच्या ताटातली पोळी त्या रात्री करपली होती, तो योगायोग नव्हता.

मग कुणीतरी सांगितलं, राई गावात एकाने आपलं सुतारकाम बंद केलंय, सामान काढतोय. तिकडे गेलो. तो माणूस तिथलाच. वडिलांच्या होड्या होत्या, त्याने फर्निचर केलं, आणि आता पोरगा म्हणाला शेड पाडून गाळे काढू. अंगणात सगळं मांडून ठेवलेलं. त्यात तो होता: बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, काळा, वजनाला पाटा-वरवंट्याच्या तोडीचा. मागे मूठ एवढी जाड की दोन्ही हातांनी धरावी. डोक्यावर वाकवलेली लोखंडी दांडी आणि तिला वरून फिरवायचा स्क्रू. लाकूड खाली ठेवायचं, स्क्रू पिळायचा, की लाकूड जागच्या जागी दाबून धरलं जातं. बोटांनी धरायला नको.

तो माणूस म्हणाला, "यो एकदा धरला का सोडीत न्हाय."

तुम्ही त्याला असा नाकारलात, अण्णा, की मला त्या गुण्याची दया आली. लाकडाला अटक करतो म्हणालात. कारागिराला लाकूड बोटांना कळलं पाहिजे म्हणालात. अशी वस्तू ज्याला लागते त्याने किराणा दुकान टाकावं म्हणालात. ज्याचं सामान होतं तोच समोर उभा. त्याने फक्त तुमच्या हाताकडे बघितलं. तुम्ही हात खिशात घातलात आणि ठोकळा चाचपायला लागलात.

मी दुसरीकडे बघितलं. माझी हेरगिरी तिथे थोडी ढिली पडली.

शेवटी शेठकडूनच एक घेतला, पसंत नाही पडला तर परत या बोलीवर. बोली तीनदा वदवून घेतलीत. गाळ्यात आणला, खाचेत घातला, आणि तो निम्म्यावर जाऊन अडकला. ठोकळ्यात लोण्यासारखा सरकणारा गुण्या टेबलात अडकतो. तुम्ही गुण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, ठोकळ्याकडे बघितलं. मग खिळा घेतलात आणि खाचेच्या कडेने ओढलात.

लाल चुरा निघाला.

पुन्हा ओढलात. पुन्हा लाल, मध्ये पिवळा पदर. वास घेतलात. मग मीही घेतला. हळदकुंकू.

दरवर्षी खंडेनवमीला आपण मशीनची पूजा करायचो. टेबल पुसायचं, तेलाचा हात फिरवायचा, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचा हार. ते कुंकू तेलात भिजायचं, खाचेत उतरायचं, त्यावर वर्षभराचा लाकडाचा भुसा बसायचा, आणि पुढच्या खंडेनवमीला वर नवा थर. खाचेची एक बाजू अशी सिमेंटसारखी चढली होती. जुनी झिजलेली पट्टी त्या थरावरून तिरकी होऊन जायची. नवी पट्टी मापात होती, म्हणून जागीच अडली. म्हणजे आपण मशीनला इतक्या भक्तीने पूजलं होतं की त्याचा कोन बिघडला.

मी जमिनीवर बसून हसत होतो. तुम्ही उभे होतात. हातात खिळा, बोटं लाल. आणि तुम्ही अगदी हळू म्हणालात:

"म्हणजे हाताचा दोष नव्हता, दिगंबर."

माझं हसू थांबलं. कारण हाताचं नाव मी कधी काढलं नव्हतं. अक्कांनी तुमच्यासमोर काढलं नव्हतं. लाकूड, वीज, पातं, प्रेस, मी, गुण्या, एवढ्या सगळ्यांवर तुम्ही संशय घेतलात, आणि त्या सगळ्यांच्या मागे एकच संशयित होता, ज्याची चौकशी करायचं धाडस तुम्हाला होत नव्हतं.

मी काय म्हणालो? मी म्हणालो, कुंकू एवढं सढळ कोण वाहायचं ते आधी ठरवू. तुम्ही म्हणालात, तू. मी म्हटलं, कुंकवाची पुडी दरवर्षी तुमच्या हातात असायची. तुम्ही म्हणालात, तेल तुझ्या हातात असायचं, आणि नुसतं कुंकू चिकटत नाही. हे भांडण आपण शेवटच्या आठवड्यापर्यंत चालवलं. ते अजून मिटलेलं नाही, आणि मी माझी बाजू सोडलेली नाही. तुम्ही गेलात म्हणून तेल माझ्या माथी येत नाही.

खाच साफ केली. जुना गुण्या घातला. तुम्ही चार पट्ट्या कापल्या आणि कोपरा असा मिटला की नख घालायला जागा नाही. शेठचा गुण्या परत गेला. शेठ म्हणाला, मुझे मालूम था. प्रकरण संपलं, जुनाच बरा, नवा घ्यायची गरज उरली नाही.

मग दोन-तीन दिवसांनी मी गाळ्यात आलो तर टेबलावर ते काळं बिडाचं धूड बसलेलं. राईचा गुण्या.

मी काही विचारायच्या आत तुम्ही कारणं द्यायला लागलात. जुना झिजलाय, आज ना उद्या घ्यावाच लागला असता. बीड आता असं मिळत नाही. त्या माणसाचं सामान भंगारात जाणार होतं, जिवाला लागलं. पुढे मोठ्या चौकटींची कामं येतील. तुम्ही इतकी कारणं दिलीत की एखाद्या भोळ्या माणसाने विश्वास ठेवला असता. मी म्हटलं, बरं. तुम्ही माझ्याकडे बराच वेळ संशयाने बघत राहिलात. "बरं" एवढंच? मी पुन्हा म्हटलं, बरं.

मग तुम्ही लाकडाची पट्टी ठेवलीत, वरून स्क्रू पिळलात, लाकूड पक्कं बसलं. दोन्ही हात त्या जाड मुठीवर, पात्यापासून लांब. ढकललंत. त्या वजनाखाली तुमचे हात पार स्थिर झाले, अण्णा. मी बघत होतो आणि बघत नाहीये असं दाखवत होतो. तुम्ही कापत होतात आणि मी बघतोय हे तुम्हाला कळत नाहीये असं दाखवत होतात. इतकं चोख नाटक आपण दोघांनी दुसऱ्या कशाचंच केलं नाही.

अक्कांना मी एवढंच सांगितलं की गुण्या बदलला. त्यांनी विचारलं, कुणी ठरवलं? म्हटलं, त्यांनीच. त्यांनी चहाचं आधण ठेवलं. मग म्हणाल्या, "यांनी? स्वतःहून?" आणि चहात साखर घालायची राहून गेली.

तुम्ही शेवटपर्यंत मशीनवर होतात. गेलात ते छातीच्या दुखण्याने, घरी, दुपारी पेपर वाचता वाचता. मशीनचा त्यात काही हात नाही. हे मी इथे लिहून ठेवतो, कारण तुम्ही चौकशी कराल.

त्या दुपारी मी पोचलो तेव्हा तुम्हाला खाली घेतलं होतं. बायका भोवती बसल्या होत्या. अक्का रडत नव्हत्या. त्यांनी चादरीखालून तुमचा उजवा हात बाहेर काढला आणि एकेक बोट हातात घेऊन बघितलं, टोकापासून मुळापर्यंत, तुम्ही शेठच्या दुकानात गुण्या बघितलात तसं, कसलीही घाई न करता. मग डावा. मग दोन्ही हात नीट तुमच्या छातीवर ठेवले, चादर सारखी केली. आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"आता तुमचा दाखवा," त्या म्हणाल्या.

मी हात पुढे केला. तो थरथरत होता, अण्णा. मी त्याला थांबवायचा प्रयत्न केला, डाव्या हाताने मनगट धरलं, तरी थांबेना. अक्कांनी तो आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि थांबेपर्यंत घट्ट धरून ठेवला.